सोन्याचं नाणं घेऊन दुकानात!

दोस्तांनो, आज एक कोडं घालतो. अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीत १९८६ पासून 'ईगल' नावाचं सोन्याचं नाणं पाडतात. त्यातल्या सर्वांत मोठ्या नाण्यात ३१.१ ग्रॅम शुद्ध सोनं असतं, आणि त्यावर किंमत छापलेली असते फक्त ५० डॉलर! २०११ च्या मार्चमध्ये एवढ्या सोन्याचा बाजारभाव चौदाशे डॉलरच्या वर होता. मग हे नाणं देऊन तुम्ही ५० डॉलरची सायकल घ्याल का?

"छे! इतके का आम्ही वेडे?" असंच म्हणालात ना? पण गंमत पाहा. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या यूटा राज्यानं कायदा केला की, सरकारी टांकसाळीतली सोन्याचांदीची नाणी आमच्या राज्यात 'विधिग्राह्य चलन' आहेत. म्हणजे देणं फेडायला कायद्यानं चालणारा पैसा.

हे कशासाठी? त्यासाठी जरा मागं जाऊ. इंग्रजांशी स्वातंत्र्ययुद्ध करताना अमेरिकेच्या तिजोरीत सोनं नव्हतं. मग 'कॉन्टिनेंटल' नावाच्या कागदी नोटा छापल्या. छापल्या त्या छापतच गेले! नोटांची किंमत घसरत गेली. लढणाऱ्या शिपायांना पगार याच नोटांत मिळे आणि घरच्यांना त्यात पोटभर धान्यही येईना. आपण 'कवडीमोल' म्हणतो, तसं तिथं 'कॉन्टिनेंटलच्याही मोलाचं नाही' असं लोक म्हणू लागले. हा चटका ताजा असतानाच १७८७ मध्ये राज्यघटना लिहिली गेली. देणं फेडण्यासाठी राज्यांनी सोन्याचांदीच्या नाण्यांखेरीज दुसरं काही चलन ठरवू नये, असं तिच्यात कलम आहे. यूटाचा कायदा मागणाऱ्यांनी त्याच कलमाकडे बोट दाखवलं.

पुढं १९७१ मध्ये डॉलरचं सोन्याशी उरलंसुरलं नातंही तुटलं. तेव्हापासून नोट चालते ती विश्वासावर. उद्या हा विश्वास उडाला तर आपल्या साठवलेल्या पैशाचं काय, ही काही लोकांची भीती.

बरं का, यूटात नाणं घ्यायची सक्ती कुणावरच नाही. खरा फायदा करात आहे. समजा, हजार डॉलरना घेतलेलं नाणं चौदाशेचं झालं. वरचे चारशे म्हणजे नफा, त्यावर कर! यूटानं राज्याचा हा कर माफ केला. केंद्र सरकारचा मात्र राहिलाच. पुढं ओक्लाहोमानं २०१४ मध्ये आणि टेक्सासनं २०२५ मध्ये असेच कायदे केले.

पण पाव घ्यायला सोन्याचा तुकडा कोण मोडणार? रोजचा भाव कोण बघणार? शिवाय माणूस नोट खर्चतो आणि सोनं जपतो. याला 'ग्रेशॅमचा नियम' म्हणतात. आपल्याकडंही हेच झालं. रुपयाच्या नाण्यात १९४० पर्यंत बारा भागांत अकरा भाग चांदी असे. मग ती निम्म्यावर आली, आणि जुने रुपये बाजारातून गेले ते थेट आजीच्या डब्यात!

तुमच्या घरी एखादा राणीछाप रुपया आहे का? असला तर तो हातात घ्या. शेजारी शंभराची नोट ठेवा आणि तिच्यावरचं रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं वचन वाचा. ते कशाच्या बळावर दिलंय? आज जेवताना आईबाबांना विचारा. बघा, काय उत्तर मिळतं ते!