एका लहान वर्तुळांतील कीर्ति



विरारहून सुटलेली लोकल वैतरणा, सफाळें, केळवें, पालघर अशीं स्थानकें मागें टाकीत डहाणूस पोहोंचते. २०१३ सालीं उपनगरी गाड्या तेथवर जाऊं लागल्या, आणि वसई-विरारच्या लोकांना डहाणू शेजारचें घर झालें. या गाडींतील मंडळींस 'कापरेकर कोण?' असें विचारलें, तर किती जणांना उत्तर देतां येईल याची मला शंकाच आहे. परंतु हाच प्रश्न परदेशांतील एखाद्या अंकांच्या शौकिनास विचारावा; तो तत्काळ '६१७४' असें म्हणेल! कीर्तीचा हा चमत्कारिक प्रकार आज आपण पाहूं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. शाळा ठाण्यास व पुढील शिक्षण पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयांत झालें. १९२७ सालीं त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें आणि १९२९ सालीं ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यावरील पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीस शाळेंत शिक्षक होते.

आतां त्यांचें काम पाहूं. हातीं कागद-पेन्सिल घ्यावी. चार अंकांची कोणतीही संख्या चालेल. मात्र चारही अंक एकच नसावेत. आपण वसईकर, तेव्हां चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली तें १७३९ सालच घेऊं. या अंकांची मोठ्यांत मोठी संख्या ९७३१ व लहानांत लहान १३७९. वजाबाकी केली कीं ८३५२ उरतात. पुन्हां तसेंच करावें : ८५३२ उणे २३५८, म्हणजे ६१७४. आतां ६१७४ वर हीच क्रिया करा : ७६४१ उणे १४६७, उत्तर पुन्हां ६१७४! प्रारंभ कोठूनही होवो, फार तर सात पायऱ्यांत आपण याच संख्येवर येतों. मध्येंच तीन अंक उरले, तर मागें शून्य आहे असें समजून चौथा अंक पुरा करावा, इतकेंच.

यांत जादू नाहीं. उत्तर केवळ दोन अंतरांवर अवलंबून असतें : एक सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांमधील, आणि दुसरें उरलेल्या दोन अंकांमधील. पहिल्यास ९९९ नें व दुसऱ्यास ९० नें गुणून बेरीज करावी. १७३९ मध्यें हीं अंतरें ८ व ४ आहेत. बेरीज ८३५२ च येते. अशा अंतरांच्या जोड्या सर्व मिळून अवघ्या ५४ होतात. म्हणजे हजारों संख्या पहिल्याच पायरीस ५४ उत्तरांत सामावतात, आणि तीं ५४ उत्तरें तपासलीं कीं सिद्धता पुरी होते.

कापरेकरांना हें १९४६ सालीं आढळलें व १९४९ सालीं मद्रासच्या गणित-परिषदेंत त्यांनीं तें मांडलें. त्यांच्या दुसऱ्याही संख्या आहेत. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे २० व २५, आणि त्यांची बेरीज पुन्हां ४५. अशा संख्यांस कापरेकर-संख्या म्हणतात. १५ मध्यें त्याचेच अंक १ व ५ मिळविले कीं २१ होतात. पण अशा रीतीनें २० कोणत्याही संख्येपासून मिळत नाहींत. अशा स्वयंभू संख्यांस त्यांनीं आपल्या गांवाचें, देवळालीचें, नांव दिलें.

ही ख्याति सहज मिळाली नाहीं. आपल्याकडील कित्येक गणितज्ञ या कामास क्षुल्लक समजून हसले. त्यांचा आक्षेप निव्वळ मत्सराचा होता, असें मात्र म्हणवत नाहीं. आपण दहाच्या पटींत संख्या लिहितों म्हणून ६१७४ येतात. लेखनपद्धति बदलली कीं तो चमत्कार नाहींसा होतो, आणि गणिती तर अशा पद्धतीपलीकडचें सत्य शोधीत असतो. तथापि कापरेकर थांबले नाहींत. त्यांनीं अल्पपरिचित नियतकालिकांतून लिहिलें. पुष्कळ लेखन स्वतःच पुस्तिका काढून छापलें. अखेर मार्च १९७५ मध्यें अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांतील आपल्या सदरांत त्यांच्याविषयीं लिहिलें, आणि जगभरचे शौकीन त्यांना ओळखूं लागले. त्या वेळीं कापरेकर सत्तर वर्षांचे होते. पुढें १९८६ सालीं ते वारले.

लहान वर्तुळांतील कीर्तीचे गुणदोष येथें एकत्र दिसतात. ती बहुधा एखाद्या जाणत्याच्या शब्दावर अवलंबून असते; तो न भेटला, तर आयुष्य सरतें. परंतु एकदां लाभली, कीं ती टिकाऊ असते. कारण तेथें माणसाचें नांव एका निश्चित वस्तूस जोडलेलें असतें आणि ती वस्तु कोणासही पारखून घेतां येते. बाजारांतील गाजावाजास अशी कसोटी नसते. आपल्याही आळींत असा एखादा मास्तर किंवा कारागीर असूं शकेल, ज्याचें मोल दूरचे चार लोकच जाणतात. त्याच्या कामाची चौकशी करण्यास गार्डनरची वाट कशाला पाहावी?

जातां जातां एक उदाहरण घरीं करून पाहा. कापरेकरांचें जन्मसाल १९०५ घ्या. ६१७४ वर येण्यास तें पुऱ्या सात पायऱ्या घेतें. त्याहून अधिक कोणत्याच संख्येस लागत नाहींत.