जंतू चिकटण्याआधी

हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये पोटाच्या कमकुवत भिंतीला जाळी लावतात. ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते आणि शरीर तिला सामावून घेतं. तिच्यावर जंतू बसले, की मात्र सगळं बिघडतं. असं का होतं, हे 1957 मध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांच्या प्रयोगातून दिसलं. स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस टोचले, तेव्हा पू व्हायला लाखो जंतू लागले. तिथेच रेशमी टाका घातला, तर काहीशे पुरले.

धाग्याला काय, जाळीला काय, रक्तपुरवठा नसतो. त्यांच्यावर बसलेले जंतू स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात, तो म्हणजे बायोफिल्म. त्याच्या आत औषधांचं फारसं चालत नाही, पांढऱ्या पेशींचंही नाही. जखम महिनोन्महिने वाहते आणि पुष्कळदा जाळीच काढावी लागते. पेशंटचे हाल होतात ते इथे.

म्हणून औषध जाळीवरच द्यायचं. पॉलिप्रॉपिलीनवर ते सहजी टिकत नाही, त्यामुळे शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये मिसळून त्याचा लेप देता येतो. लेप जाड होऊन जाळीची भोकं बुजली तर उलटाच परिणाम. जंतू जेमतेम एक मायक्रॉनचा, तो बारीक फटीतही शिरतो. त्याला गिळणारी पेशी दहा मायक्रॉनहून मोठी, ती बाहेरच अडकते.

पेसमेकरभोवती घालायच्या अशाच जाळीदार पिशवीची 6,983 रुग्णांवर चाचणी झाली. तिच्या लेपात रिफाम्पिसिन आणि मिनोसायक्लीन होतं. 2019 मध्ये निकाल आला: वर्षभरातला गंभीर संसर्ग 1.2 टक्क्यांवरून 0.7 टक्क्यांवर.

तरीही सरसकट प्रत्येक जाळीला लेप नको, असं मला ठामपणे वाटतं. रिफाम्पिसिन एकटं दिलं तर जंतू त्याला लवकरच दाद देईनासे होतात, म्हणून तर जोडीला दुसरं औषध. शिवाय आपल्याकडच्या क्षयरोगाच्या उपचारांचा कणाच ते आहे. आणि साधी जाळीही कमी पडत नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी निर्जंतुक केलेल्या मच्छरदाणीच्या कापडाची स्वस्त जाळी वापरून दाखवली. पुढे युगांडातल्या 302 पुरुषांवरच्या चाचणीतही अशी जाळी महागड्या जाळीइतकीच चांगली ठरली. ऑपरेशन स्वच्छ असेल तर साधी जाळी पुरते. लेपाची खरी गरज आहे ती मधुमेहींना, पोट पुन्हा उघडावं लागलेल्यांना. पेसमेकरच्या पिशवीची झाली तेवढी मोठी चाचणी याच रुग्णांवर व्हायला हवी.