आधी बायका-मुलं?

बुडत्या जहाजाचा प्रसंग सिनेमात आला की ‘आधी बायका-मुलं!’ ही आरोळी ठरलेली. संकटात पुरुष आपसूकच मागे थांबतात, असं आपल्याला वाटू लागतं. ही समजूत पक्की केली ती ‘टायटॅनिक’ने. 1912 मध्ये हे जहाज बुडालं, त्या रात्री जवळपास तीन चतुर्थांश स्त्रिया वाचल्या. पुरुष मात्र पाचातला एकच.

पण स्वीडनच्या दोन अर्थतज्ज्ञांनी 1852 पासूनच्या 18 जहाज-दुर्घटना तपासल्या, तेव्हा चित्र उलटं निघालं. एकंदरीत स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी वाचल्या होत्या. सर्वांत जास्त वाचले होते खलाशी!

मग ‘टायटॅनिक’वर वेगळं काय घडलं? तिथे कप्तानाने ‘आधी बायका-मुलं’ असा हुकूम दिला होता. जहाज बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागली, म्हणजे हुकूम राबवायला वेळही मिळाला. एका बाजूच्या अधिकाऱ्याने त्याचा अर्थ ‘फक्त बायका-मुलं’ असा घेतला आणि जीवरक्षक होड्यांत जागा रिकाम्या असतानाही पुरुषांना अडवलं. दुसऱ्या बाजूला, जवळपास बायका नसतील तर पुरुषांना बसू दिलं. जहाज एकच, पण डाव्या-उजव्या बाजूवर पुरुषाचं नशीब ठरलं.

म्हणजे नियम पाळला जातो तो कुणी राबवणारा असेल तरच. तिकिटाच्या रांगेचंही असंच असतं. खिडकीपाशी लक्ष ठेवायला कुणी उभं असेल तर रांग सरळ राहते. तो माणूस हलला की दांडगा पुढे घुसतो.

2004 च्या त्सुनामीतही अनेक किनाऱ्यांवर स्त्रियाच जास्त दगावल्या. याचं एक कारण असं, की पोहणं, झाडावर चढणं तिथे बहुधा मुलगेच लहानपणी शिकत. बऱ्याच मुलींना ते शिकायला मिळत नसे. तुमच्या घरातल्या मुलीला या उन्हाळ्यात पोहायला नक्की शिकवा.