वाघ नारिंगी आहे, पण कुणाच्या डोळ्यांना?

दबा धरून शिकार करणाऱ्या प्राण्याच्या अंगावर इतका भडक रंग कसा, हा प्रश्न ताडोब्यात वाघ पाहिलेल्या बहुतेकांना पडतो. वैशाखातल्या वाळक्या गवतात तो खपून जातो, हे खरं. पण पावसाळ्यानंतर हिरव्यागार बांबूच्या बेटात उभा असलेला वाघ आपल्याला लांबूनही ओळखू येतो. चितळाला येत नाही.

आपल्या दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या आहेत. चितळ, सांबर, गवा यांच्याकडे दोनच. त्यांतल्या एका प्रकारच्या पेशी निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जाग्या होतात, दुसऱ्या हिरव्या-पिवळ्याला. हिरवा आणि नारिंगी यांत फरक करण्यासाठी जी तिसरी जात लागते तीच नाही. म्हणून चितळाच्या नजरेत वाघ झाडोऱ्याच्याच रंगाचा होतो, आणि काळे पट्टे गवताच्या सावल्यांत विरून जातात. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकाच्या मदतीने द्विवर्णी डोळ्यांना दिसणारं दृश्य उभं केलं, तेव्हा वाघाच्या अंगावरचा रंग लपण्यासाठी किती उत्तम आहे हे स्पष्ट झालं. लाल फडक्याने बैल उधळतो हा समजही इथेच गळून पडतो; तो उधळतो फडक्याच्या हालचालीने.

मग वाघ सरळ हिरवाच का झाला नाही? कारण सस्तन प्राण्याच्या केसात मूळ रंगद्रव्यं दोनच: एक काळं-तपकिरी, दुसरं पिवळं-तांबूस. हिरवा रंग बनवण्याची सोयच त्याच्या शरीरात नाही. (दक्षिण अमेरिकेतला स्लॉथ हिरवट दिसतो, पण तो त्याच्या केसांत वाढणाऱ्या शेवाळामुळे.) नारिंगी बनवता येतो आणि भक्ष्याला तो हिरव्यासारखाच दिसतो, तेव्हा नैसर्गिक निवडीला याहून अधिक काही लागत नाही.

त्याच जंगलात एक प्राणी मात्र वाघाचा नारिंगी आपल्यासारखाच पाहतो. तो म्हणजे वानर. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं हे वानर झाडावरून खॅक खॅक ओरडू लागलं की गाइड जिप्सी थांबवायला सांगतो. उंच जागेचा फायदा त्याला आहेच, पण त्याच्या डोळ्यांत तिसरी शंकुपेशीही आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे नसलेली ही गोष्ट वानराकडे आणि आपल्याकडे आली कुठून? माझ्या मते प्राण्यांच्या इंद्रियांच्या इतिहासातली ही सर्वांत सुरस कथा आहे.

तिची सुरुवात एका नुकसानीपासून होते. पक्षी, सरडे, कासवं, अनेक मासे यांच्याकडे आजही चार प्रकारच्या शंकुपेशी आहेत. दारातल्या कावळ्या-पोपटांनाही आपल्याहून जास्त रंग दिसतात. युरोपातल्या ब्लू टिट या पक्ष्याचे नर-मादी आपल्याला जवळजवळ सारखेच दिसतात, पण नराच्या डोक्यावरचा तुरा अतिनील प्रकाश अधिक परावर्तित करतो आणि माद्या जोडीदार निवडताना तोच पाहतात. सस्तन प्राण्यांच्या दूरच्या पूर्वजांकडेही चार जाती होत्या. पण डायनासोरांच्या काळात हे लहानसे जीव कोट्यवधी वर्षं रात्रीचेच हिंडले. अंधारात रंगाचा उपयोग नसतो. तिथे प्रकाशाचा कणन् कण टिपणाऱ्या दंडपेशी लागतात. ज्या जनुकाचं काम उरलेलं नाही ते बिघडलं तरी त्याचा मालक मरत नाही, आणि बिघाड पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो. अशा रीतीने चारांतल्या दोन जाती गेल्या. सस्तनांचे डोळे मुळात रात्रीसाठी घडले आहेत, ही कल्पना अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ गॉर्डन वॉल्स यांनी १९४२ मध्ये मांडली आणि जनुकांच्या अभ्यासाने तिला पुढे बळ मिळालं. त्या रात्रीची खूण आपल्याही डोळ्यांत आहे: सुमारे ६० लाख शंकुपेशी आणि त्यांच्या जवळपास वीसपट दंडपेशी. देवमासे आणि सील तर आणखी पुढे गेले. त्यांनी निळ्या बाजूची शंकुपेशीही गमावली.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोर संपले, दिवस मोकळा झाला, पण गेलेली जनुकं परत आली नाहीत. ती तशी येतही नाहीत. आपल्या पूर्वजांना तिसरा रंग मिळाला तो निराळ्याच वाटेने. साधारण ३ ते ४ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या एका पूर्वजात एक्स गुणसूत्राची नक्कल होताना चूक झाली आणि हिरव्या-पिवळ्या प्रकाशाच्या जनुकाची एक जादा प्रत शेजारीच चिकटली. पुढे दोन्ही प्रती किंचित वेगळ्या झाल्या. आज आपल्यात त्यांतली एक ५३० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील आहे, दुसरी ५६० च्या आसपास. अंतर इतकं थोडं, पण लाल आणि हिरवा यांतला सगळा भेद त्यावर उभा आहे. याचा लाभ कशासाठी झाला यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. पिकलेलं फळ पानांतून उठून दिसावं म्हणून, असं काही म्हणतात. युगांडाच्या किबाले जंगलात माकडांचा अभ्यास करणाऱ्या डॉमिनी आणि ल्यूकस यांनी २००१ मध्ये कोवळ्या पानांकडे बोट दाखवलं. मला हे म्हणणं पटतं. चैत्रात पिंपळाची तांबूस आणि कुसुमाची लालबुंद पालवी पाहावी: मऊ, पचायला हलकी, आणि द्विवर्णी डोळ्याला जुन्या पानांतून वेगळी काढायला अवघड.

शेजारी बसलेल्या या दोन प्रती अजूनही जवळपास ९६ टक्के सारख्या आहेत. त्यामुळे अंडपेशी तयार होताना दोन एक्स गुणसूत्रं एकमेकांशी तुकडे बदलतात तेव्हा या जागी आजही गफलत होते. कधी एखादी प्रत गळते, कधी दोन्हींची सरमिसळ होते. रेल्वेभरतीच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांतला आकडा वाचता येत नाही तो बहुधा याच कारणाने. पुरुषाकडे एक्स एकच असल्याने त्याला पर्यायी प्रत नसते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत या लाल-हिरव्या रंगांधतेचं प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन यांना स्वतःला हा दोष होता. आपल्या डोळ्यांतला द्रव निळसर असावा, अशी त्यांची समजूत होती. मृत्यूनंतर डोळे तपासावेत असं त्यांनी सांगून ठेवलं. १८४४ मध्ये ते गेले, डोळा उघडला गेला, द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या अवशेषांतल्या डीएनएची तपासणी १९९५ मध्ये झाली, तेव्हा ५३० च्या आसपासचं जनुकच नसल्याचं कळलं.

२००९ मध्ये अमेरिकेत जे आणि मॉरीन नाइट्झ यांच्या गटाने जन्मतः लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या नर स्क्विरल माकडांच्या डोळ्यांत त्यांच्याकडे नसलेलं, माणसाचं लाल बाजूचं जनुक विषाणूमार्फत सोडलं. त्यांतल्या एकाचं नाव डाल्टन ठेवलं होतं. काही महिन्यांत ही प्रौढ माकडं पडद्यावरचे लाल-हिरवे ठिपके ओळखू लागली. मेंदूत नवी जुळणी करावी लागली नव्हती. म्हणजे आपल्या त्या दूरच्या पूर्वजालाही कदाचित एवढंच पुरलं असेल: एक जादा जनुक, बाकी सारं आधीपासून तयार.