शेवटच्या ओळीखालची नोंद



ऊस नोंदीचे महत्त्व आपणांस नव्याने सांगायला नको. 2021-22 च्या हंगामात राज्यातील गाळप जूनपर्यंत लांबले, शेवटच्या उसासाठी धावपळ झाली, हे सर्वांनी पाहिले आहे. त्यानंतर 2022 मध्ये साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊसनोंदणी’ हे मोबाईल ॲपही आणले. पण नोंद दिली म्हणजे काम झाले असे नाही. दिलेली नोंद पुढे कुठे जाते आणि वाटेत तिचे काय होऊ शकते, ते आज सांगावयाचे आहे.

चांदोरी, सायखेड्याच्या गोदाकाठच्या बांधावर स्लिपबॉय येतो, सभासद नंबर, गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख लिहून घेतो. गट ऑफिसात ती माहिती संगणकावरच्या फॉर्ममध्ये भरली जाते आणि डेटाबेसात, म्हणजे संगणकाच्या कपाटात, जाऊन बसते. तोडणीचा कार्यक्रम मात्र एक्सेलच्या जुन्या तक्त्यावर बनतो. मागच्या नोंदी, खोडवे, टनाचे अंदाज, सगळी सूत्रे त्यातच आहेत. त्यामुळे नवा तक्ता उघडून चालत नाही. नव्या नोंदी जुन्याच तक्त्यात, शेवटच्या ओळीच्या खाली जोडाव्या लागतात. हाताने उतरवायचे तर कारकुनाचे डोळे जातात, म्हणून हे काम कोडला, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या हुकमाला, सांगतात.

कोड शेवटची ओळ कशी शोधतो? आपण वहीत पाने उलटत पुढे जातो. हा सर्वांत तळाच्या ओळीवर, 10,48,576 व्या ओळीवर, जाऊन उभा राहतो आणि वर चढत येतो. पहिला भरलेला रकाना लागला की थांबतो आणि त्याच्या खालून लिहायला घेतो. युक्ती चांगली आहे, पण कोणत्या रकान्यातून वर चढायचे हे माणसाने ठरवायचे असते.

मी पूर्वी जिथे नोकरीला होतो तिथे ते मोबाईल नंबरच्या रकान्यातून ठरवले होते. एका म्हाताऱ्या सभासदाकडे मोबाईल नव्हता, रकाना कोरा. एके दिवशी नेमकी त्याचीच नोंद तक्त्यात शेवटची होती. दुसऱ्या दिवशीचा कोड वर चढत आला, त्याची ओळ त्याला रिकामी वाटली आणि तिच्यावरच दुसऱ्याची नोंद बसली. कोणाला पत्ता नाही. हंगाम अर्ध्यावर आल्यावर तात्या पावती घेऊन आले. “साहेब, शेजारच्याचा ऊस गेला, माझा फडात उभा. तुरे आले वर. नोंद नाही म्हणतात, मग ही पावती कशाची?” संगणकाकडे उत्तर नव्हते. फायलीतला कागदी फॉर्म निघाला तेव्हा टोळी मिळाली. तोवर ऊस वजनात मार खाऊन बसला होता आणि खोडव्यालाही उशीर झाला. भरपाईचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. तेव्हापासून माझा हट्ट आहे की शेवटची ओळ सभासद नंबरच्याच रकान्यावरून शोधावी, कारण तो कधी कोरा नसतो.

दुसरा घोळ गमतीचा आहे, पण महाग पडतो. एक्सेलमध्ये 7/12 असे लिहून पाहा. आपला सातबारा 7 डिसेंबर होऊन जातो! हिश्शासह लिहिलेले गट नंबर, 5/2 किंवा 9/1, यांचेही तेच. दोन्ही आकडे लहान असले की त्याला तारीखच दिसते. नंतर रकाना सुधारायला जावे तर भलताच आकडा निघतो, मूळ नंबर गेलेला असतो. आपणच अडाणी असे समजू नका. शास्त्रज्ञांच्या यादीतली जनुकांची नावेसुद्धा एक्सेल तारखा करून टाकत असे. शेवटी 2020 मध्ये त्या जनुकांची नावेच बदलावी लागली. आपल्याला गट नंबर बदलता येत नाहीत. तेव्हा नोंदी जोडण्यापूर्वी तो रकाना ‘मजकूर’ म्हणून बांधून ठेवणे, एवढाच उपाय.

खऱ्या तारखांचे त्याहून वाईट. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकी पद्धतीत महिना आधी. 8/7 म्हणजे 8 जुलैची अडसाली लागण त्या पद्धतीने वाचली तर 7 ऑगस्टची होते आणि पाळी महिनाभर मागे जाते. 25 जुलैला हा धोका नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्याच लागणी फसतात, बाकीच्या बरोबर दिसतात, म्हणून चूक लवकर ध्यानात येत नाही. महिना अक्षरात लिहून घेतला की प्रश्न मिटतो. स्लिपबॉय कंटाळतात, पण लिहून घ्यायचेच.

एकच बटण दोनदा दाबले तर एक एकराचे दोन एकर होतात आणि टनाचा अंदाज फुगतो, हेही होते. त्यावर इलाज म्हणून जोडून झालेल्या प्रत्येक नोंदीवर डेटाबेसात ‘गेली’ अशी खूण करावी आणि कोडने बिनखुणेच्याच नोंदी उचलाव्यात. जोडण्याआधी किती ओळी होत्या, किती आल्या, आता किती झाल्या, ही बेरीज मी रोज संध्याकाळी कागदावर मांडून घेतो. दूध घालताना आपण मापाकडे बघतोच की.

नोंदींच्या याद्या गट ऑफिसात लावल्या जातील. ज्यांच्या गट नंबरात आडवी रेघ आहे, किंवा ज्यांची लागण महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतली आहे, त्यांनी आधी येऊन आपली ओळ पाहून जावी. मोबाईल नसलेल्यांनी तर जरूर यावे. पावती सोबत आणावी. हरवली असेल तरी हरकत नाही, कागदी फॉर्मच्या फायली शेतकी खात्यात जपून ठेवल्या आहेत.