साबण आणि जंतुनाशक

जखम धुतांना साबण घ्यावा कीं बाटलींतील जंतुनाशक द्रव, असा प्रश्न घरोघरीं पडतो. दोन्ही एकत्र केलीं म्हणजे दुप्पट गुण येईल, अशी बहुतेकांची समजूत असते. ती चुकीची कां, हें कळण्यासाठीं प्रथम जंतूची शरीररचना पाहूं.

जंतूच्या पेशीला स्निग्ध द्रव्याचें एक पटल असतें. त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनहि कमी. परंतु आंतील जीवनरस सांभाळणें आणि बाहेरचें निवडून आंत घेणें, हें सारें काम त्याच्याकडे असतें. या पटलावर ऋण विद्युद्भार असतो.

१९३५ सालीं जर्मन संशोधक गेरहार्ड डोमाक यांनीं बेंझाल्कोनियम क्लोराइड या कृत्रिम द्रव्याचे जंतुनाशक गुण प्रसिद्ध केले. प्रॉन्टोसिल या औषधाबद्दल १९३९ चें नोबेल पारितोषिक ज्यांना जाहीर झालें, तेच हे डोमाक. आपल्याकडे परिचित असलेलें सेट्रिमाइड याच कुळांतलें आहे. या कुळांतील रेणूच्या एका टोकाला धनभारित नत्र असतो, आणि दुसऱ्या बाजूस कर्बाणूंची लांब, स्निग्धप्रिय शेपटी. धनभारित टोक ऋणभारित पटलाकडे ओढलें जातें, शेपटी त्यांत रुतते, पटल विसकटतें आणि आंतील द्रव्यें पाझरून जंतु मरतो.

आतां साबणाचें पाहा. त्याच्या रेणूलाहि अशीच शेपटी असते. पण त्याचें टोक ऋणभारित. दोघे एकत्र येतांच एकमेकांस जखडून बसतात आणि जंतूकडे जाण्यास औषध मोकळें राहत नाहीं. म्हणून आधीं साबणानें धुवावें, भरपूर पाण्यानें साबण पूर्ण घालवावा, आणि मगच हें औषध लावावें.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जाड कवचांत सुप्त राहणारीं जंतूंचीं बीजाणुरूपें याला दाद देत नाहींत. आणि स्यूडोमोनास जातीचे जंतू तर अशा पातळ द्रावणांतहि जिवंत सांपडले आहेत. यास्तव पाणी मिसळलेलें औषध साठवूं नये, लागेल तेव्हां ताजें करावें. दुसरें असें कीं, स्निग्ध पटल आपल्या पेशींनाहि आहेच. तेव्हां बाटलीवर सांगितल्याहून तीव्र द्रावण वापरूं नये, आणि तें पोटांत तर कधींच जाऊं देऊं नये. जंतूचें पटल फोडणारी शक्ति आपलें पटल ओळखून सोडून देईल, असा भरंवसा धरतां येत नाहीं.