देगेची कल्हई

छत्रपती संभाजीनगरच्या नान खलियाचा विषय निघाला की गाडी थेट मुहंमद तुघलकावर जाते. १३२७च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलली, तेव्हा फौजेबरोबर हा पदार्थ इथे आला, असं सांगतात. नानचं आणि मसाल्याचं कौतुक होतं. ज्या तांब्याच्या देगेत खलिया शिजतो, तिच्या आतल्या कथलाची आठवण कुणालाच होत नाही. तांब्यात मीठ-आंबट शिजलं की अन्न कळकतं, पोट बिघडतं. मध्ये असतो तो कथलाचा पातळ थर.

कल्हईवाल्याचं काम पाहण्यासारखं. आधी देग आतून घासून लखलखीत करायची. मग कोळशाची भट्टी, भाता, आणि तापलेल्या तांब्यावर नवसागराची चिमूट. पांढऱ्या धुराचा लोट उठतो. सारी किमया इथेच आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेनं त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटे होतात. हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा ऑक्साइड खाऊन टाकतो, आणि वर जाताना दोन्ही वायू पुन्हा एक होतात, तोच तो धूर. उघड्या पडलेल्या तांब्यावर कथलाची कांडी टेकवली की ती वितळते. कापसाच्या बोळ्यानं चार हात फिरवले, की लालसर देग बघता बघता चांदीसारखी होते. कथील तिथे नुसतं चिकटत नाही. सीमेवर तांबं आणि कथील यांची संयुगं तयार होतात, म्हणून थर टिकतो.

कथलाचं खनिज कॅसिटेराइट, म्हणजे टिन डायऑक्साइड. आपल्या शेजारच्या छत्तीसगडात, दंतेवाड्याकडे, आदिवासी ते नाल्यांच्या वाळूत पाण्यानं घोळवून वेचतात. वाळूच्या अडीचपटीहून जड असल्यानं ते तळाशी राहतं. तरी देशाला लागणारं बहुतेक कथील आयातच होतं आणि महाग पडतं. मग शिशाची भेसळ होते, आणि शिसं तर विषच. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर करकरते, शिसं गप्प राहतं. ही परीक्षा फुकटात होते. गिऱ्हाइकानं ती मागायला लाजू नये.

घराघरांत स्टील आल्यापासून कल्हईवाल्याला काम उरलं ते मुख्यतः अशा मोठ्या भांड्यांचं. कथील वितळतं २३२ अंशांवर, तांबं १०८५वर. म्हणून जाणता आचारी रिकामी देग चुलीवर चढवत नाही. आधी तेल किंवा पाणी, मग जाळ. तळाशी तांबं लाल दिसू लागलं, की देग पुन्हा भट्टीकडे.